नव्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नागपूरचं सोनेगाव विमानतळ कसं दिसेल?

नागपूरच्याच, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. त्याला नवा पीसी घ्यायचाय. येत्या काही वर्षांत येणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायच्या, गेममध्ये नेमकं कोणतं तंत्रज्ञान असेल, त्यासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यावं की थांबावं, आणि आपलं नागपूर त्यात कधी ओळखू येईल, असे तीन प्रश्न त्याने एका दमात विचारलेत.

मी इथेच नकाशे आणि हवाई छायाचित्रांच्या कामात बरीच वर्षं आहे. हौस म्हणून रात्री बसून सिम्युलेटरसाठी विमानतळही बनवतो. त्यामुळे माझं उत्तर जमिनीच्या बाजूने येणार. पुढे जे लिहितोय ते अंदाजच आहेत, पण हवेतले नाहीत. आज जे वापरात आहे त्याची चाल बघून बांधलेले आहेत.

तर भाऊ, आधी कार्डाचं खूळ जरा बाजूला ठेव. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये अख्खं जग डीव्हीडीवरून तुझ्या हार्ड डिस्कवर यायचं. शेतं म्हणजे तेच-ते हिरवे-तपकिरी तुकडे, आणि शहरं म्हणजे छापाच्या गणपतीसारखी एकाच साच्यातली घरं. १८ ऑगस्ट २०२० ला फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने मायक्रोसॉफ्टसाठी जो नवा सिम्युलेटर आणला, त्याने हा हिशेबच मोडला. बिंग नकाशांचा दोन पेटाबाइटहून जास्त डेटा सर्व्हरवर, आणि विमानाखाली जेवढी जमीन तेवढीच तुझ्या घरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, तिने विमानं आणि विमानतळांच्या बऱ्याच फायलीसुद्धा सर्व्हरवर ढकलल्या. पहिल्या काही दिवसांत एवढी गर्दी झाली की लोक विमानात बसण्याऐवजी रांगेत बसले होते, हे सगळ्यांना आठवत असेल. पण त्यावरून कंपन्या मागे फिरतील असं मला वाटत नाही. एवढं जग कुठल्याच घरगुती डिस्कवर मावत नाही, त्यामुळे परतीची वाट उरलेली नाही.

सुधारणा होईल ती वाटपात. फ्लाइट प्लॅन भरलास की तू नागपूरहून मुंबईला कुठल्या वाटेने जाणार हे गेमला आधीच कळतं. मग पुढच्या शंभर किलोमीटरची जमीन आधीच खेचून ठेवायला हरकत काय? आजचे सिम्युलेटर हे अर्धवट करतात. पुढचे नीट करतील, आणि अख्ख्या जगाचा एक जाडाभरडा थर कायम डिस्कवर ठेवतील, म्हणजे नेट गेलं तरी विमान पांढऱ्या पोकळीवर उडणार नाही.

नेट किती लागेल याचा हिशेब तुझा तूच करून बघ. दहा किलोमीटर गुणिले दहा किलोमीटरचा चौकोन, अर्ध्या मीटरला एक पिक्सेल धर. झाले चाळीस कोटी पिक्सेल. नीट दाबून ठेवले तर साधारण शंभर एमबी. सेसनासारखं छोटं विमान १०० नॉटने उडतं, म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. हा चौकोन ओलांडायला त्याला सव्वातीन मिनिटं लागतात. म्हणजे नुसत्या छायाचित्रासाठी चार-पाच एमबीपीएस पुरे. तरी मायक्रोसॉफ्ट २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान १०, शिफारस ५० आणि उत्तम १०० एमबीपीएस सांगतं, ते का? कारण खरं वजन छायाचित्राचं नसतंच. इमारतींचे त्रिमितीय साचे, त्यावर चिकटवलेली चित्रं, झाडं, विमानतळ, हे सगळं त्याच नळातून येतं. म्हणून पुढच्या गेममध्ये चुरस लागेल ती हा माल दाबून लहान कसा करायचा आणि घरी आल्यावर झटपट उलगडायचा कसा, यात. ग्राफिक्स कार्डाचं मोठं काम तिथे असेल.

आता नागपूरकडे येऊ. सिम्युलेटरमधलं शहर तीन ढिगांतून बनतं: जमिनीची उंची, वरून घेतलेलं छायाचित्र, आणि इमारती. तिन्ही ढीग वेगवेगळ्या वर्षांचे असतात. गडबड तिथूनच सुरू होते.

उंचीचंच घे. जगभर फुकट मिळणारा आणि अजूनही खूप वापरला जाणारा उंचीचा डेटा म्हणजे एसआरटीएम. अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने तो मोजला, आणि त्यात तीस मीटरला एक आकडा आहे. आता विचार कर, फेब्रुवारी २००० मध्ये मिहान नव्हतं, मेट्रो नव्हती. गोसीखुर्दमध्ये पाणीही भरलेलं नव्हतं. पवनीजवळ वैनगंगेवरच्या त्या धरणाचा जलाशय आजच्या उपग्रह छायाचित्रात लांबच लांब पसरलेला दिसतो; पण जुन्या उंचीच्या डेटात तिथे दरी आहे, काठ आहेत, शेताचे उतार आहेत. नवं चित्र जुन्या जमिनीवर अंथरलं की पाणी उतारावर चढतं, मधेच खड्ड्यात उतरतं. पाणी टेकडी चढतंय असे स्क्रीनशॉट जगभरातून येतात, त्याचं एक मोठं कारण हेच असतं. यावर उपाय आहे. जर्मनीच्या टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ दरम्यानच्या मोजणीवरून युरोपने कोपर्निकस नावाचा तीस मीटरचाच डेटा खुला केलाय, आणि तो एसआरटीएमपेक्षा नक्कीच स्वच्छ आहे. माझ्या मते पुढचा कुठलाही शहाणा सिम्युलेटर जगाचा पाया त्यावरच रचेल.

तरी धावपट्टीचा प्रश्न उरतोच. रडार जे मोजतं ते झाडांच्या शेंड्यांसकट आणि छपरांसकट. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर लांब आहे, म्हणजे तीस मीटरच्या हिशेबाने तिच्या लांबीत शंभराहून थोडे जास्त आकडे पडतात, आणि त्यातल्या काहींत बाजूच्या हँगरचं छप्पर मिसळलेलं असतं. तसंच वापरलं तर टेक-ऑफ घेताना विमान बैलगाडीसारखं उसळेल. त्यामुळे आम्ही सीनरीवाले, म्हणजे गेमसाठी जमीन आणि विमानतळ बनवणारे, धावपट्टी हाताने सपाट करतो, किंवा प्रकाशित नकाशातल्या दोन्ही टोकांच्या उंचीवरून तिचा खरा उतार काढतो. हे काम उद्याही यंत्राकडून आपोआप नीट होईल यावर माझा विश्वास नाही.

इमारतींचं तर विचारूच नकोस. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या ब्लॅकशार्क कंपनीने २०२० च्या आवृत्तीसाठी उपग्रह छायाचित्रांतली छपरं यंत्राकडून ओळखवून दीड अब्जाच्या घरात इमारती उभ्या केल्या. यंत्र छपराची कड शोधतं, उंचीचा अंदाज बांधतं आणि संचातली एक इमारत तिथे ठेवतं. धरमपेठेतल्या तीन मजली अपार्टमेंटसाठी हे ठीक आहे. पण दीक्षाभूमीचा घुमट वरून पाहिला तर एक गोल, एवढंच दिसतं. आणि वर्धा रोडचा तो ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल! खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. वरून काढलेल्या चित्रात दिसतो फक्त सगळ्यात वरचा थर. खालच्या दोघांचा पत्ता चित्राला लागूच शकत नाही. अशा ठिकाणी माणसानेच मॉडेल बनवून बसवावं लागतं.

इमारतींच्या उंचीचा दुसरा स्रोत म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा, जिथे कुणीही मजले नोंदवू शकतं. तिथे मेलबर्नच्या एका घराला कुणीतरी २ ऐवजी २१२ मजले लिहिले होते. २०२० मध्ये गेममधल्या त्या उपनगरात सुईसारखा एक मनोरा आभाळात घुसला आणि लोक तो बघायला विमानं घेऊन गेले. गंमत सोडून दे, पण यातून तुझ्या कामाची गोष्ट निघते. आपल्या वस्तीतल्या इमारतींचे मजले तिथे नीट भरलेस तर ते एक्स-प्लेनपासून फ्लाइटगिअरपर्यंत सगळ्या सिम्युलेटरच्या उपयोगी पडू शकतात. कुठल्याही कंपनीची वाट बघावी लागत नाही.

मग युरोप-अमेरिकेतल्या शहरांसारखं फोटोग्रामेट्रीने, म्हणजे तिरक्या विमानी छायाचित्रांतून बनवलेलं हुबेहूब नागपूर का नाही? इथे तंत्रज्ञानापेक्षा नियम आडवे येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांचे नियम बरेच सैल केले, पण ते भारतीय कंपन्यांसाठी. आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीय संस्थाच गोळा करू शकतात, आणि तो भारतातच ठेवावा लागतो. परदेशी कंपनीला तो परवान्याने घेता येतो, तोही भारतातल्या ग्राहकांना सेवा देण्यापुरता, आणि तिच्या स्वतःच्या सर्व्हरमधून तो जाता कामा नये. आता आधी सांगितलेली सर्व्हरची रचना आठव. अख्खा गेमच जिथे परदेशी कंपनीच्या सर्व्हरवरून वाहतो, तिथे ही अट बरोबर मर्मावर बसते.

वाट मात्र बंद नाही. जुलै २०२२ मध्ये गूगलचा स्ट्रीट व्ह्यू भारतात परत आला तो जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांकडून डेटा घेऊनच. पहिल्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होतं. नागपूर नव्हतं, हे इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. माझा अंदाज असा की पुढच्या सिम्युलेटरमध्ये भारतीय शहरं आली तर याच पद्धतीने येतील: बारीक थर भारतीय कंपनीच्या सर्व्हरवरून थेट खेळणाऱ्याच्या पीसीवर, बाकी जग नेहमीच्या वाटेने. एकाच आभाळाखाली दोन सर्व्हर. मग कदाचित तुला सीताबर्डी स्पष्ट दिसेल आणि तुझ्या सोबत उडणाऱ्या जर्मन मित्राला धूसर. विचित्र वाटतं, पण आजच्या नियमांत बसणारी दुसरी रचना मला दिसत नाही. स्वतः ड्रोनने काढू म्हणशील, तर विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि आपलं अर्धं शहर त्यातच येतं.

हल्ली गॉशियन स्प्लॅटिंगचा फार गाजावाजा आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतून २०२३ मध्ये आलेली ही पद्धत त्रिकोणांऐवजी लाखो रंगीत, अर्धपारदर्शक ठिपक्यांनी दृश्य उभं करते. झाडाची पालवी, विजेच्या तारा, काचा, जिथे फोटोग्रामेट्रीचं मेण वितळल्यासारखं होतं, तिथे ही फार सुंदर दिसते. मी एका जुन्या वाड्यावर वापरून बघितली, थक्क झालो. पण सिम्युलेटरसाठी घोडं अडतं ते उजेडावर. ठिपक्यांत छायाचित्र काढलं त्या क्षणाचा सूर्य आणि सावल्या गोठलेल्या असतात. सकाळी अकराला काढलेल्या फुटाळा तलावावरून तू संध्याकाळी सातला उतरायला निघालास तर आकाश केशरी आणि काठावरच्या सावल्या मात्र अकराच्या. शिवाय ठिपक्यांना पृष्ठभाग नसतो, म्हणजे चाक टेकायला वेगळी जमीन द्यावी लागते. प्रकाश वेगळा काढण्यावर जगभर संशोधन चालू आहे, पण पुढच्या एका पिढीत हे फार तर निवडक स्मारकांपुरतं येईल. पूर्ण शहरासाठी नाही.

मला स्वतःला ज्याची जास्त उत्सुकता आहे तो भाग दिसण्यातला नाहीच. मे महिन्यातली दुपार घे, पारा ४५ वर. सोनेगावची उंची एक हजार तीस फुटांच्या आसपास. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश; म्हणजे आपण ३२ अंशांनी वर. दर अंशाला १२० फूट या ढोबळ नियमाने विमानाला वाटणारी उंची होते जवळपास ४,९०० फूट. उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, म्हणजे पाच हजार धरायला हरकत नाही. साध्या पिस्टन इंजिनची ताकद हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते, प्रोपेलर पातळ हवा कापतं, पंखालाही उचलायला तीच हवा मिळते. चार माणसं बसवलेलं सेसना १७२ जानेवारीत सहज चढतं, तेच मे महिन्यात धावपट्टी खात राहतं. कुठलाही नवा सिम्युलेटर हातात आला की मी आधी हे करून बघतो: त्याच वजनाने, एकदा जानेवारीच्या पहाटे, एकदा मेच्या दुपारी. फरक जाणवला नाही तर ढग कितीही देखणे असोत, मला त्यात रस उरत नाही.

यामागचं गणित दोन प्रकारचं असतं. जुन्या पद्धतीत विमानाच्या वागण्याचे तक्ते भरून ठेवायचे आणि त्यातून आकडे उचलायचे. एक्स-प्लेन सुरुवातीपासून पंख आणि प्रोपेलरचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बल दर क्षणी मोजतं. मायक्रोसॉफ्टनेही २०२० पासून एका बिंदूऐवजी हजारभर पृष्ठभागांवर हिशेब न्यायला सुरुवात केली. पुढे कार्डावर वायुप्रवाहाचं छोटं गणित चालवणं वाढेल हे नक्की, पण त्याने विमान खऱ्यासारखं उडेलच असं समजू नकोस. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे मोठे सिम्युलेटर अचूक असतात ते निर्मात्याने खऱ्या उड्डाण चाचण्यांतून दिलेल्या डेटामुळे. तो डेटा गेमवाल्यांना सहसा मिळत नाही, मिळालाच तर महागात. त्यामुळे तक्ते आणि तुकडे यांची खिचडीच पुढेही शिजत राहील, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

हवामानात मात्र मोठी उडी अपेक्षित आहे. एक्स-प्लेन १२ अमेरिकेच्या जागतिक मॉडेलवर चालतं, ज्याच्या वाटल्या जाणाऱ्या डेटाची बारीक जाळी पाव अंशाची, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरची. अख्खं नागपूर एका-दोन चौकटींत संपतं. पावसाळ्याच्या तोंडावर दुपारी कामठीत विजा आणि हिंगण्यात कडक ऊन, हे अशा जाळीत मावत नाही. गेम मग आपल्या मनाने ढग पेरतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, तिची जाळी सहा किलोमीटरची. युरोपच्या हवामान केंद्राने त्याच वर्षी यंत्रशिक्षणावर चालणारं मॉडेल रोजच्या वापरात आणलं. असे मोठ्या जाळीचे अंदाज घेऊन तुझ्या पीसीवरच एखाद्या छोट्या न्यूरल मॉडेलने त्यांचे बारीक ढग करायचे, ही युक्ती पुढच्या पिढीत येईल असं मी पैजेवर सांगतो. त्यासाठी लागणारे, न्यूरल गणितासाठीचे खास कप्पे कार्डावर आधीपासून असतात.

बोलणाऱ्या एटीसीबद्दल, म्हणजे विमानांना सूचना देणाऱ्या हवाई नियंत्रकाबद्दल, थोडक्यात. सेइंटेन्शन्स आणि बियाँडएटीसीसारखी ॲड-ऑन आजच मिळतात. पुढच्या गेममध्ये ते आत बसवलेलं असेल. अट एकच: धावपट्टी, उंची, क्रम हे निर्णय पक्क्या नियमांच्या प्रोग्रामने घ्यावेत आणि भाषेच्या मॉडेलने फक्त बोलावं. उलटं केलं तर तो गोड आवाजात दोन विमानांना एकाच धावपट्टीवर बोलावेल.

"अनरियल इंजिनवर का नाही बनवत?" हा प्रश्न मला इथली पोरं नेहमी विचारतात; अनरियल म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर. पृथ्वी ही अडचण आहे. ३२ बिटांच्या दशांश संख्येत, पृथ्वीच्या केंद्रापासून ६,४०० किलोमीटरवर दोन शेजारच्या आकड्यांत अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. त्यात कॉकपिटची सुई मांडलीस तर ती थरथरत बसेल. म्हणून सिम्युलेटर शून्यबिंदू विमानासोबत हलवत राहतात. अनरियल ५ ने २०२२ मध्ये ६४ बिटांचे निर्देशांक आणले, आणि सिझियमच्या फुकट प्लगइनने त्यात अख्खी पृथ्वी ओतता येते. तू इंजिनीअरिंगचा आहेस तर हे घरी करून बघ, सोबत फ्लाइटगिअर आणि त्याचं जेएसबीसिम हे उड्डाणाचं गणित उघडून वाच. दोन्हींचा कोड खुला आहे. कुठलाही ट्रेलर बघण्यापेक्षा यातून जास्त कळेल.

आता खरेदी. सिम्युलेटर बहुतेक वेळा प्रोसेसरवर अडतो, कार्डावर कमी. कार्ड मधल्या फ्रेम स्वतः रचून आकडा दुप्पट दाखवतं आणि दृश्य खरंच गुळगुळीत होतं, पण स्टिक ओढल्यापासून विमान हलेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, आणि धावपट्टीच्या दहा फुटांवर नाक उचलताना तोच वेळ हाताला कळतो. कॉकपिटमधल्या काचेच्या डिस्प्लेवरचे आकडेही पुसट होऊन मागे शेपूट सोडतात. म्हणून चांगला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, वेगवान एसएसडी आणि १२ जीबी किंवा जास्त मेमरीचं मधलं कार्ड एवढं आत्ता घे. सर्वांत वरचं कार्ड सोड. वाचलेल्या पैशांत रडर पेडल्स, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायची पायाची पेडल्स, येतात. नेट वायफायने न घेता केबलने घे, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते बघता राउटरला छोटा यूपीएस लाव.